चेहरा काळा का येतो, फोटो पुसट का येतो

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनी दरसाल एकीने तरी उभे राहून चार शब्द सांगावेत, असा रिवाज आहे. आजवर काटकसरीवर झाले, पापड-कुरडयांवर झाले, मुलांच्या अभ्यासावर झाले. यंदा चिटणीसबाईंनी मला कॅमेऱ्याचा विषय दिला. विषय ऐकून काही जणी हसल्या, ते मी पाहिले. परंतु तो का दिला, हे स्मरणिकेचे फोटो निवडावयास ज्या चौघी बसल्या होत्या त्यांस पक्के ठाऊक आहे. मंडळाच्या छोट्या डिजिटल कॅमेऱ्यावर इतक्या वर्षांत निघालेले सातआठशे फोटो आम्ही एकेक करून पाहिले. त्यांतून छापखान्यात देण्याजोगे साठसुद्धा निघेनात. हळदीकुंकवात बायकांचे चेहरे काळे ठिक्कर. भरिताच्या पार्टीत वांगी स्पष्ट आणि माणसे धुक्यात. बक्षीस समारंभात बक्षीस घेणारी मुलगी पांढरीफटक, जणू भिंतीचा चुनाच. एका आजींनी आपला फोटो पाहून म्हटले, "अवं माय, मले त पार कायी करून टाकली!" आणि त्या खोटे बोलत नव्हत्या.

कॅमेरा खराब आहे, मोडीत द्या, असे एकीने सुचविले. कॅमेरा चांगला आहे. भिशीच्या शिलकीतून घेतलेली वस्तू आहे, ती अशी मोडीत घालावयाची नाही. आता घरोघरी फोन आले, मग हा डबा कशाला, असेही कोणी म्हणेल. पण घरातला चांगला फोन बहुधा मुलाच्या खिशात किंवा मालकांबरोबर मळ्यात असतो, आणि आपल्या वाट्याला येतो तो काच तडकलेला. मंडळाचा कॅमेरा कोणाच्या खिशात जात नाही. शिवाय आज सांगणार आहे त्यातले पुष्कळसे फोनलाही लागू पडते.

आधी कॅमेऱ्याच्या पोटात काय चालते ते सांगते. भर दुपारी ओट्यावरून माजघरात आलो की क्षणभर काही दिसत नाही, मग हळूहळू फडताळातले डबे दिसू लागतात. डोळ्याची बाहुली मोठी होते आणि जास्त उजेड आत घेते, म्हणून असे होते. मांजरीच्या डोळ्यात हे अगदी स्पष्ट पाहावयास मिळते. कॅमेऱ्यातही पुढे काच आहे, काचेमागे लहानमोठे होणारे भोक आहे आणि त्यामागे करंगळीच्या नखाएवढी एक पट्टी आहे. उजेड त्या पट्टीवर पडतो आणि तेथे चित्र उमटते.

हा उजेड किती घ्यावयाचा, हे नळाच्या पाण्यासारखे समजा. तोटी मोठी सोडली तर हंडा लवकर भरतो. धार बारीक असेल तर ताटकळावे लागते. आणि धारही बारीक, वेळही नाही, तर हंड्याऐवजी कळशीवर भागवावे लागते. तोटी म्हणजे ते भोक. ताटकळणे म्हणजे कॅमेऱ्याची झडप किती वेळ उघडी राहते ते. आणि कळशीवर भागविणे म्हणजे कॅमेऱ्यात जो आयएसओ नावाचा आकडा असतो तो वाढविणे. आकडा वाढविला की थोड्या उजेडातही चित्र निघते, मात्र ते रवाळ निघते, जाड्या रव्यासारखे दिसते. हंडा वाहू लागला तर फोटो पांढराफटक, अर्धाच भरला तर काळा. उजेडाचे सारे शास्त्र एवढ्यातच आहे.

आता वेळेचे पाहा. उघड्या उन्हात कॅमेरा सेकंदाच्या पाचशेव्या भागात काम उरकतो. घरात एका बल्बखाली त्याला सेकंदाचा पंधरावा भाग किंवा त्याहूनही जास्त लागतो. आपल्या लेखी दोन्ही सारखेच, पण पंधराव्या भागात हात हलतो आणि फोटोला ते कळते. फ्रान्समध्ये 1839 साली फोटोची कृती पहिल्यांदा जाहीर झाली, तेव्हा तर कित्येक मिनिटे झडप उघडी ठेवावी लागे. पुढे पुढे वेळ कमी झाला तरी मान हलू नये म्हणून माणसाच्या मागे लोखंडी चिमट्याचा आधार ठेवीत. फार जुन्या फोटोंतली माणसे रागावल्यासारखी का दिसतात, त्याचे एक कारण हेही आहे.

आपल्या भागाचाही या विद्येशी जुना संबंध आहे. अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करण्यासाठी कंपनी सरकारने 1844 साली रॉबर्ट गिल नावाच्या लष्करी अधिकाऱ्यास नेमले. त्यांनी वर्षानुवर्षे लेण्यांत बसून रंगवलेली बरीचशी चित्रे लंडनमध्ये 1866 साली आगीत जळाली. पुढे त्यांनी कॅमेरा घेऊन लेण्यांचे फोटोही काढले. हे गिलसाहेब 1879 साली वारले, त्यांची कबर आपल्या शेजारी भुसावळला आहे. आणि आपल्याच जिल्ह्यातले, चाळीसगावचे केकी मूस (1912–1989). वर्षानुवर्षे घराबाहेर न पडता, टेबलावर लहानसहान वस्तू मांडून आणि त्यांवर हवा तसा उजेड पाडून त्यांनी असे फोटो काढले की त्यांना देशोदेशींची बक्षिसे मिळाली. चाळीसगावला स्टेशनजवळ त्यांचे घर संग्रहालय म्हणून जपले आहे. तिकडे कोणाचे माहेर असेल तर एकदा जरूर पाहावे. डिजिटल कॅमेरा मात्र अलीकडचा. अमेरिकेत स्टीव्हन सॅसन यांनी 1975 साली पहिला बनविला, आणि त्याला एक चित्र टेपवर उतरविण्यास 23 सेकंद लागत. आपला कॅमेरा त्यापुढे वाऱ्यासारखा आहे.

असो. आता दुखण्याकडे येते.

पुसट फोटो आला की आपण सरसकट "हलला" म्हणतो. वैद्य जसा आधी नाडी पाहतो, तसे आधी फोटो मोठा करून पाहावा. पुसट तीन तऱ्हांचा असतो आणि तिन्हींचे औषध निरनिराळे आहे. फोटोतले सगळेच, भिंतीसकट, एका बाजूला ओढल्यासारखे दिसत असेल तर काढणारीचा हात हलला. भिंत, खांब, खुर्ची स्पष्ट असून फक्त मुलाचे हात किंवा पाय पुसट असतील तर ते मूल हलले. आणि कोठेतरी मागचे किंवा पुढचे अगदी स्पष्ट असून नेमका चेहराच मऊ दिसत असेल तर कॅमेऱ्याची नजर भलतीकडे लागली. यालाच फोकस चुकला म्हणतात. चौथी एक तऱ्हा आहे, ती म्हणजे सगळ्या फोटोवर सायीसारखा थर दिसणे. तेथे कॅमेऱ्याचा किंवा हाताचा काही संबंध नाही. काचेला तेलाचे बोट लागलेले असते. आपल्या सातआठशेत ही चौथी तऱ्हा थोडीथोडकी नव्हती, आणि त्या फोटोंची तारीख पाहिली तर ती बहुधा भजी तळण्याच्या दिवसाची निघे!

फोकस चुकण्याचे मुख्य कारण म्हणजे बटण एकदम दाबणे. शिलाई मशीनवर आपण काय करतो? सुई कापडाला टेकवतो, जागा पाहतो आणि मग पायाने मशीन पळवितो. कॅमेऱ्याचे बटणही दोन टप्प्यांचे आहे. अर्धे दाबून थांबले की कॅमेरा नजर लावतो, पडद्यावर हिरवी चौकट येते, बहुतेक कॅमेऱ्यांत बारीक आवाजही होतो. मग उरलेले अर्धे दाबावे. चौकट हिरवी झाली नाही किंवा दिवा लुकलुकत राहिला, तर कॅमेरा सांगत असतो की "मला नीट दिसत नाही." तेव्हा पुढे दाबू नये. बोट सोडून पुन्हा अर्धे दाबावे. एवढी एक सवय लागली तर निम्मे फोटो सुधारतील, असे माझे स्पष्ट मत आहे. बटण दाबल्यावर फोटो उशिरा निघतो, तोवर मूल पळून जाते, ही तक्रारही त्यानेच मिटते. उशीर लागतो तो बहुतेक नजर लावण्यात, आणि ते काम आधीच झालेले असले की बटण दाबताच फोटो निघतो.

जोडप्याचा फोटो काढताना एक गंमत होते. दोघे शेजारी उभे, दोघांच्या मध्ये थोडी फट, आणि कॅमेऱ्याची नजर नेमकी मधोमध. मग तो त्या फटीतून मागच्या भिंतीवर नजर लावतो. एका लग्नाच्या वाढदिवसाच्या फोटोत नवराबायको दोघेही पुसट आहेत, पण मागच्या कॅलेंडरावरची तारीख आणि संकष्टीची खूणसुद्धा वाचता येते. उपाय सोपा आहे. आधी एकीच्या चेहऱ्यावर कॅमेरा रोखून बटण अर्धे दाबावे, ते तसेच धरून ठेवावे, मग कॅमेरा हलकेच सरकवून दोघांना मध्ये घ्यावे आणि पुरते दाबावे. नव्या कॅमेऱ्यांत चेहरा ओळखण्याची सोय असते, पण डोक्यावर पदर किंवा मान वळलेली असली की ती फसते. तेव्हा ही रीत हाताशी असावी.

काही गोष्टींवर कॅमेऱ्याची नजर ठरतच नाही. कोरी पांढरी भिंत, बिननक्षीची साडी, चकचकीत स्टीलचा डबा, अंधारा कोपरा, खिडकीची जाळी. त्याला कडा लागते, जेथे पांढरे-काळे भिडते अशी जागा लागते. म्हणून साडीच्या अंगावर नव्हे तर काठावर रोखावे, भिंतीवर नव्हे तर चौकटीच्या कडेवर रोखावे. ती कडा आपल्यापासून माणसाइतक्याच अंतरावर असली म्हणजे झाले.

जवळची वस्तू हे वेगळे प्रकरण आहे. पुस्तक नाकाला लावून वाचता येत नाही, तसे कॅमेऱ्यालाही फार जवळचे दिसत नाही. साधारण हातभराच्या आतली वस्तू त्याला पुसट दिसते. रांगोळी, भरतकाम, दागिना, औषधाच्या बाटलीवरची बारीक अक्षरे यांसाठी कॅमेऱ्यावर फुलाचे चिन्ह असते. ते लावले की चार बोटांवरचेही दिसते. मात्र तेव्हा झूम मागे घेतलेले असावे, आणि काम झाले की फूल काढून टाकावे. नाहीतर पुढची बाई पंगतीचा फोटो काढते, तो पुसट येतो, आणि बोल मात्र कॅमेऱ्याला लागतो.

हात हलण्यावर एकच सांगते. बायका कॅमेरा लांब हाताने धरतात, आरती ओवाळल्यासारखा. कोपरे बरगड्यांना टेकवावीत, पाठ किंवा खांदा भिंतीला लावावा, श्वास सोडून बटण हळू दाबावे. झूम जितके लांब खेचू तितका हाताचा कंपही मोठा होऊन दिसतो. घरात झूम न खेचता दोन पावले पुढे जावे हे बरे. उजेड फारच कमी असेल तर अर्धा किलो तांदूळ कापडी पिशवीत भरून ती स्टुलावर ठेवावी, तिच्यावर कॅमेरा टेकवावा आणि दोन सेकंदांचा टायमर लावावा. बटण दाबण्याचा धक्कासुद्धा लागत नाही. तांदूळ नंतर खिचडीला उपयोगी पडतात.

आणि हलणाऱ्या माणसांना थांबविता येत नाही, पण थांबण्याचा क्षण पकडता येतो. आखाजीला आपल्या मुली झोके घेतात. झोका पुढेमागे येताना वेग फार, पण अगदी वर पोचला की परतण्याआधी तो क्षणभर थांबतो. त्या क्षणाला बटण दाबावे. फुगडीत असा क्षण नाही. ती उघड्या अंगणात, भरपूर उजेडातच काढावी.

आता काळ्या चेहऱ्यांचे. कॅमेऱ्याला समोर कोण आहे, साडी पांढरी की काळी, हे कळत नाही. तो समोरच्या सगळ्या उजेडाची सरासरी काढतो आणि सगळे मिळून मध्यम राखाडी व्हावे, असा बेत करतो. चुन्याच्या भिंतीपुढे पांढऱ्या साडीतल्या आजी उभ्या केल्या तर तो म्हणतो, "बापरे, उजेड फार झाला," आणि हात आखडता घेतो. आजी काळवंडतात, भिंत मळकी दिसते. गोठ्यातल्या काळ्या म्हशीचा फोटो काढला तर तो म्हणतो, "अंधार आहे," आणि जास्त उजेड ओततो. म्हैस राखी होते. म्हणून कॅमेऱ्यावर अधिक-उणे असे एक चिन्ह असते. पांढरे पुष्कळ असेल तर अधिककडे, काळे पुष्कळ असेल तर उणेकडे न्यावे. अधिक एक म्हणजे दुप्पट उजेड, उणे एक म्हणजे निम्मा. मधल्या लहान पायऱ्या साधारण एकतृतीयांशाच्या असतात. मीठ घालतो तसे थोडे थोडे घालून चव पाहावी, आणि काम झाले की पुन्हा शून्यावर आणावे.

ज्या कारणाने हा विषय घेतला, ते आता सांगते. आपल्या एक ज्येष्ठ सभासद गेल्या श्रावणात वारल्या. नाव घ्यावयास नको; येथे बसलेल्या प्रत्येकीच्या पानात त्यांच्या हातचे वरण-बट्टी पडलेले आहे. तेराव्याला ठेवण्यासाठी घरच्यांनी फोटो शोधला, तर घरात निघाला तो चाळीस वर्षांपूर्वीचा, लग्नातला, मुंडावळ्यांनी अर्धा झाकलेला. नातवंडांना आजी ओळखू येईनात. तेव्हा त्यांच्या सुनबाई आमच्याकडे आल्या. मंडळाच्या सातआठशे फोटोंत त्या बाई अकरा ठिकाणी सापडल्या. एकीकडे पाठमोऱ्या, चुलीपाशी. एकीकडे फ्लॅश अगदी जवळून पडून चेहऱ्याच्या जागी पांढरा डाग. आणि नऊ ठिकाणी दारात उभ्या, हातात वाढावयाचे पातेले, पाठीमागे अंगणातले लख्ख ऊन आणि चेहरा काळा. वाढणारी बाई दारातच उभी असते, तिला कोणी "आत या, बसा, तुमचा फोटो काढू" म्हणत नाही. कॅमेऱ्याने अंगणाचे ऊन मोजले आणि तेवढ्यावर समाधान मानले.

त्यांच्या भाच्याने संगणकावर ते दोन्ही तऱ्हांचे फोटो घेऊन पाहिले. पांढऱ्या डागातून काहीच परत आले नाही. त्याने पुष्कळ खटपट केली, डाग राखाडी झाला, एवढेच. काळ्या फोटोंतून मात्र हळूहळू कपाळ आले, कुंकू आले, मग डोळे आले, आणि शेवटी ते त्यांचे बारीकसे हसू आले. रवाळ आले, पण त्याच त्या. सुनबाई तेथेच खाली बसल्या. याचे कारण असे की हंडा भरून वाहिला की वाहून गेलेले पाणी परत मिळत नाही. तळाशी थोडे जरी असेल तर ते निदान पाणी आहे. भाकरी कच्ची राहिली तर पुन्हा तव्यावर टाकता येते, करपली तिचे काय करणार? तोच फोटो आज त्यांच्या घरी भिंतीवर आहे आणि आपल्या स्मरणिकेच्या पहिल्या पानासाठी दिला आहे. म्हणून खात्री नसेल तेथे फोटो किंचित काळसर आला तरी चालेल, जळका नको.

पण काळसर तरी का यावा? पाठीमागे खिडकी, दार किंवा आभाळ असेल तर उपाय चार आहेत. सर्वांत स्वस्त म्हणजे, "काकू, जरा इकडे तोंड करून बसा," एवढे म्हणणे. खिडकी चेहऱ्याच्या मागे न राहता बाजूला किंवा समोर आली पाहिजे. खिडकीजवळ, पण थेट ऊन अंगावर न येता बसलेल्या बाईचा फोटो जितका सुंदर येतो तितका कोणत्याही दिव्याने येत नाही. दुसरे, पडदा ओढणे. तिसरे, अधिककडे एक पायरी नेणे. मागचे अंगण पांढरे होईल, होऊ द्यावे, आपल्याला अंगणाचा फोटो कोठे हवा आहे? चौथे, दिवसाउजेडी फ्लॅश चालविणे. दिवसा फ्लॅश म्हटले की हसतात, परंतु पाठीवर ऊन असताना चेहऱ्यावर उजेड टाकावयास तो फार उपयोगी आहे. वैशाखातल्या दुपारी बारा वाजता रावेरच्या उन्हात फोटो काढला की डोळ्यांच्या जागी दोन खळगे आणि नाकाखाली मिशी दिसते. तेथेही हाच फ्लॅश, नाहीतर सरळ लिंबाच्या सावलीत जावे. एका बाजूने चेहरा काळा पडत असेल तर त्या बाजूला कोणीतरी पांढरे धोतर किंवा चादर पसरून धरावी. उजेड उलटून चेहऱ्यावर येतो.

फ्लॅशविषयी फार गैरसमज आहेत. छोट्या कॅमेऱ्याचा फ्लॅश दहाबारा फुटांपलीकडे पोचत नाही. कीर्तनाला मागे बसून लोक फ्लॅश पाडतात, त्याने पुढच्या रांगेतल्या टोप्या उजळतात आणि बुवा अंधारातच राहतात. अगदी जवळून पाडला तर चेहरा जळतो. दीडदोन मीटर मागे यावे. काच, चष्मा, स्टीलची भांडी यांच्यासमोर सरळ उभे न राहता तिरपे उभे राहावे, नाहीतर त्यांतच वीज चमकते. आणि एक. मागे एका भंडाऱ्याच्या फोटोत पांढरी पांढरी गोल वलये आली होती. कोणी म्हणाले दैवी तेज आहे, तो फोटो पुष्कळ घरी गेला. श्रद्धेला माझा हात नाही, पण ती वलये धुळीची होती. झाडलोट नुकतीच झालेली, धूळ हवेत, आणि छोट्या कॅमेऱ्यात फ्लॅश काचेच्या अगदी शेजारी असतो, त्यामुळे काचेपुढचा धुळीचा कण उजळतो आणि फोकसबाहेर असल्याने गोल फुगून दिसतो. पावसाच्या बुरबुरीतही असेच येते. फ्लॅश बंद केला की तेज नाहीसे होते!

अंधारातले फोटो फ्लॅशशिवाय कसे काढावेत, हे अजिंठ्याला गेलो तेव्हा फार कामास आले. लेण्यांत फ्लॅशला मनाई आहे, आणि ती योग्यच आहे, कारण उजेडाच्या माऱ्याने रंगांना इजा होते. तेथे कॅमेरा अंधार पाहून लेण्यातच दुपार करावयास जातो. त्यासाठी झडप फार वेळ उघडी ठेवतो, हात हलतो आणि पुसट फोटो येतो. तेथे अधिक नव्हे, उणे एक करावे. हे उलटे वाटेल. पण उणे केले की वेळ निम्मा होतो, हात कमी हलतो, आणि लेणे लेण्यासारखेच, अंधारातून उजळत आलेले दिसते. आयएसओ थोडा वाढवावा आणि कोपर शरीराशी घट्ट धरावे. दिवाळीच्या पणत्या आणि मार्गशीर्षात निघणारा दत्तप्रभूंचा रथ यांनाही हेच लागू आहे. दिव्यांचा झगमगाट काळ्या आभाळापुढे असतो, कॅमेरा आभाळ उजळवू पाहतो आणि दिवे जळतात. उणे एक करावे, रथ वळणावर थांबला की काढावा. बल्बखाली सगळे पिवळे येत असेल तर रंगाच्या यादीतले बल्बचे चिन्ह लावावे. उन्हात आल्यावर ते काढले नाही तर माणसे निळी येतात.

मळ्यातल्या फोटोंबद्दलही काही जणींनी विचारले होते. आपल्या रावेर-सावद्याच्या पट्ट्यात मे-जूनच्या वादळाने केळी आडव्या होतात, तेव्हा पंचनाम्याला आणि विम्याला फोटो लागतो. मालक खोडे उचलण्याच्या, माणसे बोलावण्याच्या गडबडीत असतात, फोटो काढावयाचे काम पुष्कळदा घरच्या बाईवर येते. वर्षाच्या पिकाचा पुरावा आहे, तो पुसट असून चालणार नाही. केळीच्या बागेत खाली हिरवा अंधार आणि वर पानांतून पांढरे आभाळ असते. आभाळ चौकटीत आले की केळ काळी होते. म्हणून कॅमेरा थोडा खाली वळवून, आभाळ वगळून काढावे. वाऱ्याने पाने हलत असतात, तेव्हा झुळूक थांबू द्यावी. एक फोटो बांधावरून, सूर्य पाठीशी घेऊन, ज्यात विहीर, विजेचा खांब किंवा शेजारचे झाड अशी ओळखीची खूण येईल असा. एक रांगेच्या कडेने, किती झाडे पडली ते दिसेल असा. आणि एक जवळून, मोडलेल्या खोडाचा आणि घडाचा, शेजारी विळा किंवा हात ठेवून, म्हणजे माप कळते. जवळच्या फोटोला बटण अर्धे दाबून चौकट हिरवी झाली ना, एवढे पाहावेच. उन्हात पडद्यावर नीट दिसत नाही, सगळेच काळे वाटते, म्हणून पदराची सावली करून, फोटो मोठा करून तेथेच तपासावा. खोडे उचलल्यावर परत काढता येत नाही.

कॅमेऱ्यातली तारीखही तपासावी. बरेच दिवस बॅटरी काढून ठेवली की तारीख पुसली जाते आणि कॅमेरा आपल्या मनाची जुनीच तारीख धरतो. आमच्या सातआठशेत एक सबंध कोजागरी 1 जानेवारीच्या तारखेने निघाली. कोजागरीचे हसू येते, पुराव्याच्या फोटोवर तसे झाले तर हसू येणार नाही.

काच पुसण्याचे सांगून संपविते. पदराने पुसू नये. जरीने ओरखडे पडतात, खळीच्या कापडानेही पडतात. आधी फुंकर मारावी, पण थुंकी उडू देऊ नये. मग धुऊन वाळवलेल्या मऊ मलमलीच्या तुकड्याने मधून बाहेर अशी गोल पुसावी. तो तुकडा मी कॅमेऱ्याच्या पिशवीत शिवून दिला आहे, त्याने कृपा करून दुसरे काही पुसू नये. पीठ चाळत असताना कॅमेरा उघडू नये. बाहेर येणाऱ्या नळीत पिठाचा किंवा वाळूचा कण अडकला की ती मध्येच थांबते. अशा वेळी ओढू नये, ढकलूही नये, बंद करून दुकानात न्यावा. कोणी सगळी चिन्हे फिरवून गोंधळ करून ठेवला असेल तर यादीत "रीसेट" नावाचे कलम आहे, ते दाबले की कॅमेरा नवा होता तसा होतो; तारीख मात्र एकदा पाहून घ्यावी.

कॅमेरा आजपासून चिटणीसबाईंकडे राहील, वहीत नाव लिहून न्यावा. आता चहा होईस्तोवर तो येथे टेबलावर ठेवते, बॅटरी भरलेली आहे. ज्यांना करून पाहावयाचे असेल त्यांनी पुढे यावे. ऊन पश्चिमेच्या खिडकीतून येत आहे, तेव्हा खिडकीकडे कोणी पाठ करून बसू नका. आणि दारात पातेले घेऊन ज्या उभ्या आहेत, त्यांनी ते खाली ठेवून आधी इकडे या.